इंडी घराणं

एखाद्या गायकाचं जगभर नाव झालं की त्याचे चाहते पेढे वाटतात. इंडी रॉकच्या चाहत्याला सुतक लागतं.

ऐकीव सांगत नाही, डोळ्यांनी पाहिलंय. 2019 सरता सरता बराक ओबामांनी वर्षभरात आवडलेल्या गाण्यांची यादी जाहीर केली आणि तिच्यात प्रतीक कुहाडचं ‘कोल्ड/मेस’ निघालं. जयपूरचा मुलगा, गळ्यात गिटार, आणि गाणं थेट अमेरिकेच्या माजी अध्यक्षांच्या कानापर्यंत. ज्यांनी त्याचं नावही ऐकलं नव्हतं, त्यांनीसुद्धा छाती फुगवून घेतली. माझा मेहुणा त्या आठवड्यात आमच्याकडे जेवायला आला होता. त्यानं आमटीभात कालवला आणि तसाच कालवत राहिला.

“काय रे, बरं नाही का?” बायकोनं विचारलं.

“संपलं,” तो म्हणाला.

“काय संपलं?”

“आता सगळे ऐकणार, ताई.”

कॅफेत कॉफीचं मशीन आणि गायक एकाच वेळी ऐकू यायचे, त्या काळापासून हा असल्या कार्यक्रमांना जातोय. भेटेल त्याला “हे ऐकाच” म्हणून त्यानं वर्षानुवर्षं छळलंय. कुणी ऐकत नाही, याचं त्याला दुःख होतं. सगळ्यांनी ऐकलं, याचं त्याहून मोठं दुःख झालं. या दोन दुःखांच्या मधे जी चिंचोळी सुखाची पट्टी उरते, तिच्यावर इंडी रॉकचा चाहता संसार थाटतो.

मेहुणा स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. लोकांच्या इमारती हलू नयेत म्हणून आठवडाभर पैसे घेतो आणि शनिवारी रात्री मुंढव्यातल्या कुठल्याशा अंधाऱ्या हॉलमध्ये पैसे भरून स्वतः हादरे खातो. पन्नाशीला टेकलाय. बाकी कुठलं व्यसन नाही. त्याची बायको सांगते, “त्यापेक्षा दारू बरी होती. निदान रविवारी सकाळी तरी कानात वाजत नाही.”

इंडी रॉक म्हणजे नेमकं काय, हे त्याला विचारू नये. मी विचारलं होतं. तो जिन्यात निरोप घेत उभा होता, तो परत आत येऊन बसला.

तर गोष्ट मँचेस्टरची आहे. तिथल्या बझकॉक्स नावाच्या पोरांनी घरच्यांकडून आणि मित्रांकडून 500 पौंड उसने घेतले, डिसेंबर 1976 मध्ये एका दिवसात चार गाणी रेकॉर्ड केली आणि जानेवारी 1977 मध्ये ‘स्पायरल स्क्रॅच’ नावाची तबकडी स्वतःच काढून टाकली. हजार प्रती. तोवर रेकॉर्ड काढायची म्हणजे लंडनला जायचं आणि मोठ्या कंपनीच्या दारात ताटकळायचं, अशी रीत होती. या पोरांनी दाखवून दिलं की दाराशी न जाताही रेकॉर्ड निघते. मेहुणा हे सांगताना इतका हेलावला की मी पाणी आणून दिलं. मला मात्र त्यात फारसं नवल वाटेना. उसने पैसे आणि हजार प्रती, या भांडवलावर आपल्याकडे कवितासंग्रह पिढ्यान्‌पिढ्या निघताहेत. फरक एवढाच, की बझकॉक्सच्या हजार प्रती खपल्या आणि पुन्हा काढाव्या लागल्या.

पुढे इंग्लंडात इंडी गाण्यांची वेगळी क्रमवारीच निघू लागली, जानेवारी 1980 पासून. तिच्यात शिरायला सूर कसा लागतो, केस किती वाढलेत, गाणारा किती उदास आहे, असली कुठलीही अट नव्हती. अट एकच : रेकॉर्ड बड्या कंपन्यांच्या वितरणाशिवाय दुकानात पोचलेली हवी. झालं असं, की काइली मिनोगची गाणी काढणारी पीडब्ल्यूएल कंपनी या अटीत तंतोतंत बसली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी उदास पोरांच्या त्या यादीत चमचमत्या कपड्यांतल्या काइलीबाई वर जाऊन बसल्या. हा विषय मी मेहुण्यासमोर मुद्दाम वरचेवर काढतो. “भावोजी, तो तांत्रिक मुद्दा आहे,” असं तो म्हणतो. सोसायटीच्या सभेत हरत चाललेला माणूसही नेमकं हेच म्हणतो.

आता, एवढा मोठा नाद माणसाला मँचेस्टरहून लागला असेल, असं मला सुरुवातीला वाटायचं. पण मी या घरचा जावई आहे आणि जावयाला दिवाणखान्यात बसून निरीक्षण करण्यापलीकडे काम नसतं. माझं मत असं झालंय की हा नाद घरातलाच आहे. आनुवंशिक आहे. फक्त वाद्यं बदलली.

माझे सासरे सवाई गंधर्व महोत्सवाचे जुने श्रोते. भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ 1953 मध्ये हा महोत्सव सुरू केला. सासऱ्यांना तो समजत्या वयापासून चुकलेला नाही. आता एवढ्या निष्ठेनं जाणाऱ्या माणसाला महोत्सव आवडत असेल, असं कुणालाही वाटेल. छे. वीस हजारांच्या मांडवात गाणं होतं का, असा त्यांचा सवाल असतो. गाणं व्हायचं ते घरगुती बैठकीत. “नारायण पेठेतल्या माडीवर ऐकलंय मी त्याला. पंचवीस माणसं होतो फक्त. काय गायलाय! नंतर काय, नाव झालं,” असं ते म्हणतात, आणि “नाव झालं” हे शब्द “क्षय झाला” या सुरात म्हणतात.

याच घरात, याच सोफ्यावर, त्यांचा मुलगा म्हणतो, “त्यांचा खरा गिग म्हणजे बाणेरच्या गच्चीवरचा. वीस जण होतो. नंतर काय, इन्स्टाग्राम.”

बाप-लेक एकमेकांच्या संगीताला मात्र संगीत मानत नाहीत. मेहुणा घरी काहीतरी लावतो तेव्हा सासरे पेपर खाली करून शांतपणे विचारतात, “सम कुठे आहे यात?” तो म्हणतो, “समेवर यायचंच नाही, तीच तर गंमत आहे, बाबा.” सासरे पेपर वर करतात. समेवर यायचंच नसेल तर घरातून निघावं कशाला, हे त्यांना कळत नाही.

पण कपाटं उघडून बघा. सासऱ्यांच्या कपाटात खासगी बैठकींच्या कॅसेट्स आहेत. त्यांत गाण्यापेक्षा खरखर जास्त, मधूनच कुणाचा तरी खोकला, कपबशीचा आवाज, आणि एकीत तर लाइट जाऊन बाजाच्या पेटीवर कुणीतरी आपटल्याचं स्पष्ट ऐकू येतं. या कॅसेट्स ते कुणाला देत नाहीत. विकत मिळणाऱ्या रेकॉर्डिंगमध्ये “तो माहोल नाही” म्हणतात. मेहुण्याकडे फुगाझी या वॉशिंग्टनच्या बँडच्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंग्ज आहेत. त्या बँडनं आपले आठशेहून अधिक कार्यक्रम जसेच्या तसे जपून ठेवले आणि 2011 पासून ते लोकांना विकत उपलब्ध करून दिले. खरखर तीच, खोकला तोच. एकच गाणं मेहुणा चार वेगवेगळ्या गावचं ऐकतो आणि सांगतो, “हे बघा, इथे ड्रमर अर्धी मात्रा मागे आहे.” हे वाक्य त्याच्या वडिलांचं आहे. तिथे फक्त तबलजी असतो.

फुगाझीबद्दल मात्र मलाही आदर वाटू लागलाय. 1987 पासून पंधरा-सोळा वर्षं त्यांनी बहुतेक कार्यक्रमांचं तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवलं. टी-शर्ट विकले नाहीत. त्यांचे टी-शर्ट मिळेनात म्हणून कुणीतरी “हा फुगाझीचा टी-शर्ट नाही” असं छापून विकले, ते खपले. आणि कार्यक्रमात कुणी धक्काबुक्की करू लागला तर हे लोक गाणं थांबवून त्याला सर्वांदेखत झापायचे, त्याचे पाच डॉलर परत द्यायचे आणि दाराबाहेर काढायचे. मेहुण्याला त्या रेकॉर्डिंगांमधली गाणी आवडतातच, पण हे झापणं त्याला तोंडपाठ आहे. मी ऐकलं तेव्हा मला परक्या देशात आल्यासारखं मुळीच वाटलं नाही. गिऱ्हाइकाचे पैसे परत करून त्याला वाटेला लावण्यात जे समाधान आहे, ते पुण्यातल्या दुकानदाराला वॉशिंग्टनवाल्यांनी शिकवायची गरज नाही.

खरं तर इंडीवाल्यांची एकेक तत्त्वं ऐकली की ही मंडळी चुकून अमेरिकेत जन्मली, असंच वाटतं. स्टीव्ह अल्बिनी नावाचा एक रेकॉर्डिंगवाला शिकागोत होता. 2024 मध्ये गेला. निर्वाणा हा बँड ऐन भरात असताना त्यांनी त्याला रेकॉर्डिंगला बोलावलं. अशा वेळी विक्रीतला टक्का मागायची पद्धत असते, आणि तो टक्का लाखांत नव्हे, कोटींत गेला असता. यानं पत्र लिहून कळवलं की मला टक्का नको, प्लंबरला देता तसे कामाचे पैसे द्या. त्याच निर्वाणाचा पहिला अल्बम, 1989 चा ‘ब्लीच’, रेकॉर्ड करायचं बिल झालं : 606 डॉलर 17 सेंट. वरचे 17 सेंटसुद्धा सोडलेले नाहीत. हे पैसे भरले जेसन एव्हरमन या मित्रानं. त्यानं रेकॉर्डवर एक सूरही वाजवलेला नाही, तरी गिटारवादक म्हणून त्याचं नाव आणि फोटो आहे. आपल्याकडे वर्गणीदाराचं नाव देवळातल्या पंख्याच्या पात्यावर घालतात. पंखा निदान वारा देतो.

“आमची कोठेही शाखा नाही” ही पाटी ज्या शहरात अभिमानानं लागते, त्या शहराला इंडी रॉक समजावून सांगायची वेळ यावी, हेच मला विनोदी वाटतं.

मेहुण्याला दीक्षा मिळाली ती मात्र मुंबईत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो तिथे इंजिनिअरिंग करत होता आणि धोबी तलावच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरायचं. 1986 मध्ये सुरू झालेला हा जलसा. काळे टी-शर्ट, उघडं आकाश आणि मित्राच्या मित्राकडून आणलेली सिगारेट. त्या काळी एखाद्या बँडनं स्वतःचं गाणं सुरू केलं की खालून ओळखीच्या इंग्रजी गाण्याची फर्माईश सुटायची. आपलं स्वतःचं गाणं घेऊन त्या गर्दीपुढे उभं राहायचं, हे धाडस रॉक मशीनसारख्या बँडनं केलं. पुढे 1993 मध्ये त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केलं. मेहुणा आजही त्यांना रॉक मशीनच म्हणतो. फर्ग्युसन रस्त्याचं कागदोपत्री नाव सासरेही कधी वापरत नाहीत.

त्या दिवसांत या लोकांना खबर पोचायची ती ‘रॉक स्ट्रीट जर्नल’मधून. देशातल्या रॉकचं हे मासिक 1993 मध्ये सुरू झालं ते मुंबईत नाही, बंगळूरला नाही, चक्क अलाहाबादेत. मेहुण्याचे अंक अजून माळ्यावर आहेत. दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईला त्याची बायको ते खाली काढते आणि तो ते छातीशी धरून पुन्हा वर ठेवतो. त्याच्या शेजारच्या खोक्यात सासऱ्यांच्या महोत्सवांच्या जुन्या स्मरणिका आहेत. त्यांची साफसफाई सासूबाईंनी कधीच सोडून दिली.

आणि मग दोघांवरही एकच आपत्ती कोसळली. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम आले. आजूबाजूला कॉलेज आणि इस्पितळं, म्हणून रंगभवन शांतता क्षेत्रात गेलं आणि तिथला दणदणाट बंद झाला. पहाटेच्या भैरवीपर्यंत चालणारा सवाईही एरवी रात्री दहाच्या आत आटपू लागला. रात्री उशिराचे राग उशिरा गायचेच नाहीत, म्हणजे ते ऐकायचे कधी, म्हणून सासरे हळहळले. शेवटच्या बँडला वीसच मिनिटं मिळतात म्हणून मेहुणा हळहळतो. उभ्या आयुष्यात त्या दोघांचं एकमत झालेला हा एकमेव विषय. त्या दिवशी सासूबाईंनी शिरा केला होता.

एकदा मेहुणा मलाही अशा एका कार्यक्रमाला घेऊन गेला. बायकोचा भाऊ, नाही म्हणता येईना.

जाहिरातीत साडेआठ लिहिलं होतं. साडेआठला तिथे आम्ही दोघं, वायरी गुंडाळणारा एक मुलगा आणि भिंतीशी खुर्ची टाकून बसलेल्या एक बाई होत्या. मांडीवर पर्स, कानात कापूस. त्या ड्रमरच्या आई निघाल्या. मी म्हटलं, “आवाज सोसतो का तुम्हाला?” त्या म्हणाल्या, “घरी याच्याहून मोठ्यानं वाजवतो. इथे निदान खालच्या मजल्यावरचे देशपांडे नसतात.”

नऊ वाजले. कुणीतरी येऊन माइकमध्ये “चेक, चेक, वन टू” म्हणून गेला. तीनपर्यंत कुणीच जाईना. गिटारवाल्यानं पायाशी एक फळी मांडली. मिसळणाच्या डब्यात वाट्या असतात तशा तिच्यावर रंगीबेरंगी पेट्या दाटीवाटीनं बसवल्या होत्या. मेहुणा माझ्या कानाशी लागला : ही फझ, आवाज फाडते. ही डिले, तोच सूर पुन्हा पुन्हा परत पाठवते. ती निळी रिव्हर्ब, खोलीचं देऊळ करते. यांतली एक पेटी गिटारवाल्यानं कर्ज काढून घेतलीय, अशीही माहिती मिळाली. मग तो मुलगा खाली बसून प्रत्येक पेटी पायानं दाबून, हातानं फिरवून, कान लावून बघू लागला. तानपुरे लावायला किती वेळ घेतात, म्हणून कुरकुर करणाऱ्यांनी एकदा हे पाहावं.

पावणेदहाला वाजवायला सुरुवात झाली तेव्हा पस्तीस-चाळीस माणसं जमली होती. त्यांतले निम्मे पुढच्या बँडचे वादक होते. आपली पाळी येईपर्यंत ते श्रोते होते, त्यांच्या वेळी हे श्रोते होणार होते. असा सहकारी तत्त्वावर चाललेला रंगमंच सहकार चळवळीच्या या महाराष्ट्रात दुर्लक्षित राहावा, याचं वाईट वाटलं.

पहिला सूर आला तो पोटात. कानापर्यंत नंतर पोचला. मेहुण्यानं खिशातून छोटी डबी काढून रबरी बोळे कानात घातले. मी पाहतच राहिलो. ऐकायला यायचं आणि कानात बोळे घालायचे? तर म्हणे माय ब्लडी व्हॅलेंटाइन नावाच्या बँडच्या कार्यक्रमाला दारातच बोळे वाटतात, कारण शेवटच्या गाण्यात ते एकाच ठिकाणी थांबून कितीतरी मिनिटं नुसता गदारोळ करतात. ते लोक 1991 च्या ‘लव्हलेस’नंतर पुढचा अल्बम काढायला 2013 उजाडेपर्यंत थांबले. बोळे घालायचे तेव्हा घालायचे, आणि काढायचे तेव्हा बावीस वर्षं काही ऐकूच यायचं नाही. तरी चाहते टिकून आहेत.

नाचतील म्हणावं तर तसंही नाही. इंडीवाला नाचत नाही. हात खिशात, डोळे मिटलेले, मान वरखाली. गाण्यात नेमकी कुठेतरी काहीतरी बारीक करामत झाली की त्याची भुवई उडते आणि शेजारच्या भुवई उडालेल्या माणसाशी त्याची नजरानजर होते. ही भुवई मी ओळखतो. मुकुंदनगरच्या मांडवात तिसऱ्या रांगेत, मफलरीच्या वर, गेली कित्येक वर्षं ती अशीच उडते. तिथे तिच्या जोडीला “वाऽ” असतो, इथे लांबलचक “वूऽऽऽ”. अनुभवी श्रोत्याचं लक्षण दोन्हीकडे एकच : टाळ्या सर्वांच्या आधी नाही वाजवायच्या, सर्वांच्या जरा नंतर वाजवायच्या.

कार्यक्रम संपल्यावर मेहुण्यानं स्टेजवर वाकून, चिकटपट्टीनं डकवलेला गाण्यांच्या यादीचा कागद अलगद सोडवून घेतला. नऊ गाणी, बॉलपेननं लिहिलेली, त्यातलं सातवं खोडलेलं. ते का खोडलं, यावर घरी येईपर्यंत त्याचं भाषण झालं.

मोठ्या महोत्सवाला तो जातो तेव्हा त्याच्यातला इंजिनिअर जागा होतो. डिसेंबर 2010 मध्ये कोरेगाव पार्कात पहिला ‘एनएच7 वीकेंडर’ भरला, तेव्हापासून ही पद्धत आहे. एका मैदानात पाच-सहा स्टेज, सगळीकडे एकाच वेळी कुणी ना कुणी वाजवतंय. त्याच्या एक्सेलमध्ये कुठला बँड किती वाजता, दोन स्टेजमधलं अंतर, गर्दीत ते कापायला लागणारा वेळ, वाटेतलं स्वच्छतागृह, असे रकाने असतात. एका बँडची शेवटची तीन गाणी सोडली तर दुसऱ्याची पहिली दोन मिळतात, असा हिशेब करकरून तो कुणाचंच पूर्ण ऐकत नाही, आणि घामाघूम होऊन “काय दिवस गेला!” म्हणत परततो. मनगटावरचा कापडी पट्टा आठवडाभर कापत नाही. साइटवर कंत्राटदारानं एकदा काळजीनं विचारलं होतं, “साहेब, ॲडमिट होतात का?”

जानेवारी 2023 मध्ये मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर पहिलं ‘लोलापलूझा’ झालं आणि द स्ट्रोक्स आले. त्यांचा पहिला अल्बम ‘इज धिस इट’ 2001 चा. तेव्हा मेहुणा सडसडीत होता. बँड भारतात पोचेपर्यंत मधे त्याचं लग्न, गृहकर्ज आणि गुडघे हे सगळं होऊन गेलं. तरी नी-कॅप चढवून तो दुपारपासून कठड्याला धरून उभा राहिला. पाणी पीत नव्हता, कारण पाणी प्यायलं की जावं लागतं आणि गेलं की जागा जाते. पंढरीच्या रांगेत बारा तास उभं राहणाऱ्या माणसाला हे विचित्र वाटणार नाही. फक्त त्या बिचाऱ्याच्या आड पुढच्या माणसाच्या खांद्यावर बसलेली मुलगी येत नाही.

मोठ्या बँडवर त्याचा सर्वसाधारणपणे राग असतो. 2025 च्या जानेवारीत नेरूळच्या स्टेडियमवर कोल्डप्ले आले, आणि त्याआधी काही महिने तिकिटांसाठी उभा महाराष्ट्र मोबाइल हातात घेऊन रांगेत बसला होता. आमची हीसुद्धा. तिनं भावाला विचारलं तर तो म्हणाला, “1998 मध्ये ‘सेफ्टी’ काढली होती त्यांनी. पाचशे प्रती फक्त. 99 मध्ये फिअर्स पांडा नावाच्या छोट्या कंपनीकडे होते. तोवर माणसं बरी होती.” नंतर तो ताईला सोबत म्हणून गेला. ताईनं परत आल्यावर सांगितलं की त्याला सगळी गाणी पाठ होती, पाचशे प्रतींच्या नंतरचीसुद्धा, आणि मनगटावर लुकलुकणारा तो पट्टा बाहेर पडताना परत द्यायचा असतो, तिथे त्यानं जरा वाद घातला.

इतकी थट्टा मी त्याच्या तोंडावर करतो, तो हसतो. पण एका बाबतीत त्याची थट्टा करायला माझी जीभ वळत नाही. तो पास मागत नाही.

आपण कलाप्रेमी लोक आहोत, याबद्दल वाद नाही. पण नाटकवाल्याच्या चुलत मेहुण्याशी आपली तोंडओळख निघाली, की आपण पहिली चौकशी कशाची करतो, ते सांगायला नको. मेहुण्याच्या सोसायटीतच एक बास गिटारवाला राहतो. लिफ्टमध्ये रोज भेटतो. त्याच्या कार्यक्रमाचंसुद्धा हा तिकीट काढतो. मी म्हटलं, “अरे, घरचाच मुलगा.” तर म्हणाला, “म्हणूनच काढायचं ना. परके कशाला काढतील?” मोबाइलवर गाणं हजारदा वाजलं तरी छोट्या बँडच्या हाती त्यातून जेमतेम चहापाणी सुटतं. भाड्याची गाडी, हॉल आणि तुटलेल्या तारा यांचा खर्च निघतो तो दाराशी जमलेल्या त्या चाळीस तिकिटांतून आणि कोपऱ्यातल्या टेबलावरच्या टी-शर्टांतून. म्हणून तो टी-शर्टही घेतो. त्या टेबलावर नेहमी एम साइजच उरलेला असतो आणि मेहुणा आता डबल एक्सेल आहे. तो एम घेतो आणि पैसे देताना सुट्टे परत घेत नाही.

नारायण पेठेच्या त्या माडीवर सतरंज्या सासऱ्यांनी घातल्या होत्या आणि गवयाचं टांग्याचं भाडंही त्यांनीच दिलं होतं, हे मला सासूबाईंकडून कळलं. ते स्वतः फक्त पंचवीस माणसं होतो, एवढंच सांगतात.

ते सगळे एम साइजचे टी-शर्ट मेहुण्याच्या मुलीकडे जातात. ती आता कॉलेजला आहे. लहानपणी तिला वाटायचं की पेंग्विन आणि कवट्या हे मुलींच्या कपड्यांवरचे नेहमीचेच छाप आहेत. हल्ली ती ते कॉलेजात घालते, आणि “अय्या, तू यांना ऐकतेस?” असं कुणी विचारलं की “बाबा ऐकतो” म्हणून मोकळी होते. मेहुण्याला हे लागलं होतं. आपल्यामागे हे कोण चालवणार, ही चिंता त्याच्या बोलण्यात हल्ली वरचेवर यायची.

परवाच्या रविवारी आम्ही सगळे सासऱ्यांकडे जमलो होतो. मुलगी कोपऱ्यात कानाला इअरफोन लावून बसली होती. हात खिशात, डोळे मिटलेले. मधेच तिची भुवई उडाली.

मेहुणा ताडकन सरळ बसला. “काय ऐकतेस गं?”

“काही नाही.”

“बँड आहे ना? कुठला?”

“नाशिकचा आहे एक. नवाय.”

“नाव काय?”

“नाव नाही सांगणार.”

“अगं, का?”

“तू स्टेटसला टाकशील, बाबा. मग तो सगळ्यांच्या बाबांना कळेल.”

मेहुण्याला काय बोलावं ते सुचेना. पेपर हळूच खाली झाला आणि सासरे मुलाकडे बघून म्हणाले, “तालीम चांगली दिलीस हो.”